गोठ्यातल्या तारेवरचं कार्ड

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, मैत्रिणींपुढं नाही, देवापुढंसुद्धा नाही. देवासमोर हात जोडले की मी पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात माझ्या भाच्याकडे, नंदूकडे जे झालं, त्यामुळं असेल. सांगते. पण मला जरा लांबून यावं लागेल. एकदम त्या कार्डापाशी येऊन उभं राहणं — नाही जमायचं मला.

आमचं गाव नगरकडच्या बेलापूरपासून चालत जाण्याइतकं जवळ. माझे वडील, अण्णा, शेती करायचे. पाटाच्या पाण्यावर थोडा ऊस, थोडी ज्वारी. पण लोक त्यांना ओळखायचे ते सोयरिकी जुळवणारा माणूस म्हणून. श्रीगोंद्यापासून नेवाशापर्यंत कुणाच्या घरात मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा कारखान्यात लागला, कुणाचं कोणाशी कुठल्या बाजूनं नातं लागतं — सगळं अण्णांना विचारायचं. हे सगळं फुकट बरं का. एका सुपारीच्या खांडाशिवाय त्यांनी कधी कुणाचं काही घेतलं नाही. आई म्हणायची, दुसऱ्याच्या घरात दिवे लावायची ह्यांना लई हौस, आपल्या घरात मेलं रॉकेल न्हाई.

त्यामुळे पत्रं यायची. रोज यायची. आणि अण्णा एकही पत्र टाकून देत नसत. माजघराच्या भिंतीला खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक जाड तार, वरून आकड्यासारखी वाकवलेली, खाली लाकडाची चकती. आलं कार्ड की तारेत ओवायचं. एका तारेला एक साल. तशा तारा तुम्हीही पाहिल्या असतील, पूर्वी घरोघर असायच्या. पण आमच्या घरी ती नुसती अडगळ नव्हती. तिच्यात शोधायचं कसं, याची अण्णांनी एक रीत घालून दिली होती.

दुपारी जेवून ते बाजेवर आडवे व्हायचे. कुणीतरी पाहुणा आलेला असायचा, काहीतरी विचारायचा. अण्णा उठायचे नाहीत. नुसतं आढ्याकडे बघून एक ओळ सोडायचे — "पासष्ट. राहुरी. गिरणी." आधी साल, मग गाव, मग त्या पत्रातला एखादा शब्द. एवढंच. की आपण उठायचं, त्या सालाची तार काढायची, मांडीवर घ्यायची, वरची कार्डं एकेक करून काढत उलटी रचायची, ते गाव आणि तो शब्द सापडला की मोठ्यानं वाचायचं. मग सगळी कार्डं पुन्हा होती त्याच क्रमानं ओवायची. सापडलं नाही तर "न्हाई" म्हणायचं. त्यावर अण्णा पुन्हा काही विचारायचे नाहीत. आमच्या घरात तारेनं न्हाई म्हटलं की न्हाई.

हे काम आधी अक्काचं होतं. अक्का माझी थोरली बहीण. माझ्या आधी तिनं हे सगळं केलं आणि काय केलं म्हणून सांगू. मी कार्डं उलटत बसायचे. ती तार हातात घ्यायच्या आधीच सांगायची, राहुरीचं ते जांभळ्या शाईचं ना, कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे. आणि काढून दाखवायची. तिनं एकदा वाचलेलं कार्ड तिच्या डोक्यात जसंच्या तसं बसायचं. अण्णा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, पोरीच्या डोक्यातच तार हाय, खिळ्याची गरज न्हाई. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा. पण तिच्यावर रागवणं कुणाला जमायचंच नाही. माझे केस विंचरताना गुंता आला की ती माझ्याऐवजी स्वतःच "आई गं" म्हणायची. मला गणित आलं नाही की स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायची आणि मग पहिल्यापासून शिकवायची. मी मॅट्रिकपर्यंत पोचले ती तिच्यामुळं. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही म्हणायचे.

आता दुसरी एक तार सांगते. ही घरात नव्हती.

मयताची बातमी आणणारं कार्ड घरात ठेवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. वाचलं की बाहेरच फाडायचं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. अण्णांना ते फाडणं पटायचं नाही. कुणाच्या घरात कोण गेलं, कुणाचं लग्न त्यापायी लांबलं — सोयरीक करणाऱ्याला हे नको का माहीत? आई ऐकेना. ती म्हणाली, असली कार्डं माज्या घरात न्हाई लटकायची. शेवटी दोघांची तडजोड झाली. ती कार्डं कोपरा फाडून गोठ्यात, गव्हाणीच्या वरच्या खिळ्याला. तिथं सालं नव्हती, गावं नव्हती. सगळी मेलेली माणसं एकाच तारेवर. आम्हा मुलींना त्या तारेला हात लावायला भीती वाटायची. आई मात्र बिनधास्त होती. पावसाळ्यात गवऱ्या पेटेनाशा झाल्या की त्या तारेवरची दोन-चार कार्डं खुशाल चुलीत सरकवायची. अण्णांना कळलं की घरात रुसवा व्हायचा.

हे लक्षात ठेवा. आईचं हे चुलीत घालणं. मला त्याचाच उपयोग झाला.

अक्का मॅट्रिक झाली आणि तिला श्रीगोंद्याकडचं स्थळ आलं. चांगली माणसं. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत सासरचे वाईट असले की सांगणाऱ्याला सोपं जातं. तसं काही नव्हतं. अक्काला मास्तरीण व्हायचं होतं. नगरला जाऊन ट्रेनिंग करायचं होतं. अण्णांनी तसं तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना कळवलं आणि त्यांचं उत्तर आलं. पण ते उत्तर येता येता त्यांच्या घरात त्यांचे चुलते वारले. म्हणून एकाच कार्डावर दोन्ही — वर चुलत्यांची बातमी आणि लग्न पुढं ढकलण्याचं, खाली अक्काच्या शिक्षणाचं. पोस्टमननं कार्ड अंगणात दिलं, अण्णांनी अंगणातच अक्काकडून वाचून घेतलं, कोपरा फाडला आणि गोठ्यात नेऊन ओवलं. मी तेव्हा लहान होते. मला कार्ड आठवत नव्हतं. अक्काला आठवत होतं.

पुढं लग्न झालं. नंदू झाला. त्या गडबडीत शिक्षणाचं कुणी नाव काढलं नाही, अक्कानंही नाही. नंदू रांगायला लागला तेव्हा तिनं सासऱ्यांपाशी विषय काढला. सासरे गोंधळले. त्यांच्या घरातली पत्रं त्यांचा पुतण्या लिहायचा, सासरे नुसतं सांगायचे आणि विसरून जायचे. असं काही लिहिल्याचं त्यांना आठवेना. सासूबाई म्हणाल्या, लेकरू सोडून कुठं जाती. पण सासरे म्हणाले — अक्कानं हे मला स्वतः सांगितलं — मी लिहून दिलं असंल तर मी शब्द मोडायचा न्हाई. कार्ड दाखव, मी सोताहून तुला नगरला पोचवतो.

म्हणून ती आली. बहात्तरचा उन्हाळा. पाटाला पाणी नव्हतं, ऊस उभ्या उभ्या वाळला होता, विहिरीच्या तळाला घागर टेकत होती. एस.टी.तून उतरून ती नंदूला कडेवर घेऊन चालत आली आणि दारातूनच मला म्हणाली, "अडुसष्ट. श्रीगोंदं. आडकाठी." अगदी अण्णांच्या आवाजात. मी हसले. तीही हसली. ऊन लागून तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती इतकी खूश होती की तिला पाणीही नको होतं. तिला ते कार्ड पाठ होतं. "मुलीच्या पुढील शिक्षणास आमच्याकडून आडकाठी होणार नाही, जरूर तर नगरास ठेवू." म्हणाली, खालून तिसऱ्या ओळीत आहे बघ, आडकाठी.

अण्णांचे दोन्ही डोळे तेव्हा मोतीबिंदूनं गेले होते. ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं आणि अक्काच्या मांडीवर नंदू होता, तो कार्डाला हात लावू द्यायचा नाही, लगेच तोंडात घालायचा. म्हणजे शोधणारी मीच.

आणि आता मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. तेच तर टाळत होते इतका वेळ, तुमच्या लक्षात आलं असेल.

मी त्याच वर्षी मॅट्रिक झाले होते. श्रीरामपूरच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं. सायकल ठरली होती, मैत्रीण ठरली होती, कुठल्या झाडाखाली थांबून पाणी प्यायचं तेसुद्धा ठरलं होतं. अक्का आली त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता आई मला सहज म्हणाली, अक्का ट्रेनिंगला गेली तर नंदू आपल्याकडं ऱ्हाईल, माजी कंबर काई धड न्हाई, तू दोन वर्सं थांब घरी, मग जा कालेजात. तिनं ते इतकं सहज म्हटलं की भाकरी उलटायलाही थांबली नाही. मी काय बोलणार होते? ज्या बहिणीनं मला शिकवलं तिच्यासाठी दोन वर्षं नको, असं कुठल्या तोंडानं म्हणणार होते? आणि दोन वर्षांनी मुलीला कॉलेजात कोण पाठवतं, हे मला ठाऊक होतं. सोयरिकी जुळवणाऱ्याच्या घरातली मुलगी मी. दोन वर्षांनी माझंच नाव कुठल्यातरी तारेवर चढलं असतं.

हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा बाजेवर, आई भिंतीला टेकून, अक्का नंदूला थोपटत. मी माजघरातली अडुसष्टची तार काढली. सगळी कार्डं उलटून पाहिली. नव्हतं. ते तिथं असणारच नव्हतं. अण्णा म्हणाले, "गोठ्यातली बी बघ." अक्का म्हणाली मी येते. मी म्हटलं — तू बस, नंदू जागा होईल.

गोठ्यात बैल नव्हते, चाऱ्यापायी छावणीवर नेऊन बांधले होते. रिकाम्या गव्हाणीवर चढून मी तार उतरवली. फार शोधावं लागलं नाही. अर्ध्यापाशी ते कार्ड होतं. कोपरा फाडलेला. वर चुलत्यांची बातमी. आणि खालून तिसऱ्या ओळीत आडकाठी. अक्कानं सांगितलं होतं त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता.

मी ते वाचलं. मग परत वाचलं. माझ्या मनात एवढंच आलं की ही वीतभर वस्तू आहे. हिनं अक्का नगरला जाईल आणि मी चुलीपाशी बसेन. मी वरची कार्डं न उतरवताच ते ओढून काढलं, असं करायचं नाही ही अण्णांची पहिली शिकवण होती. पोलक्यात सारलं. तार खिळ्याला लावली. माजघरात आले आणि म्हणाले —

"न्हाई."

बस. एक शब्द. रडले नाही, अडखळले नाही. मला वाटलं होतं माझ्या तोंडाकडे बघून कुणीतरी ओळखेल. कुणी बघितलंच नाही. अण्णांनी बाजेवर कूस बदलली. त्यांचा नियम होता, सोयरिकीत कागदाशिवाय बोलायचं नाही. कानानं ऐकलेलं ते धरत नसत, स्वतःच्या कानानं ऐकलेलंसुद्धा. ते एवढंच म्हणाले, कार्ड आल्याचं मला सुदिक आठवतंय, पन काय लिवलं हुतं ते सांगाया कागद न्हाई, आता त्यांच्यापुढं कसं बोलनार.

आणि मग आई रडायला लागली. तिला वाटलं, तिनंच ते कार्ड चुलीत घातलं. मागच्या पावसाळ्यात घातली होती तिनं काही, हे तिलाही आठवत होतं आणि आम्हालाही. ती पदर तोंडाशी धरून म्हणत राहिली, माज्या हातानं लेकीचं वाटोळं झालं गं. मी उभी होते. पोलक्यातलं कार्ड घामानं अंगाला चिकटलं होतं. तेव्हा ते काढून पुढं करायचं होतं मी, नाही का? अजूनही वेळ होती. गव्हाणीत पडलं होतं, आत्ता दिसलं, असं म्हणता आलं असतं. मी ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा. पण तोंडातून ते निघालं नाही.

तेवढ्यात अक्का उठली. नंदूला माझ्या हातात दिलं. आईजवळ जाऊन बसली, तिचा चेहरा पदरानं पुसला आणि हसून म्हणाली, "तू काई चुलीत घातलं न्हाईस आई. तसं कार्डच नसंल. मलाच भास झाला असंल." आई ऐकेना, तसं अक्का जास्तच हसायला लागली. म्हणाली, मला शिकायची येवढी हाव, स्वप्नात वाचलं असंल मी. आईला हसू येईपर्यंत ती बोलत राहिली. स्वतःच्या नसत्या चुका काढून सांगत राहिली — परवा डाळीत मीठ दोनदा घातलं, एस.टी.त पिशवी विसरले, माझ्या डोक्याचं काही खरं नाही. आईच्या मनावरचं ओझं काढायला तिनं स्वतःची आठवण खोटी ठरवली. माझ्या डोळ्यांदेखत. नंदू माझ्या खांद्यावर झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब मी पेटवला. आधी ते कार्ड घातलं, वर काटक्या. पाण्याचा दुष्काळ होता, पण नंदूपुरतं तापवायचो. त्या पाण्यानं अक्कानं त्याला न्हाऊ घातलं. तो पाण्यात हात आपटायचा आणि ती त्याला दटावून स्वतःच हसायची.

चार दिवस राहून ती सासरी गेली. तिथं जाऊन तिनं सांगितलं, माझीच चूक झाली, तसं काही लिहिलेलं नव्हतं. सासरे म्हणे तिला काही बोलले नाहीत. उलट तिच्यासाठी लिंबाचं लोणचं आणलं होतं, आवडतं म्हणून. हे तिनंच मला पत्रात लिहिलं. जायच्या आधी तिनं ट्रंकेतून एक निळी साडी काढून मला दिली होती. नगरला नेसायला म्हणून ठेवली होती. म्हणाली, कॉलेजात पहिल्या दिवशी ही नेस, आणि सायकलच्या चाकात अडकवून फाडू नको, तू येंधळी आहेस. मी ती नेसले. पहिल्या दिवशीही नेसले आणि पुढंही बरेचदा. सगळे म्हणायचे, तुला निळा रंग शोभतो.

मी बी.ए. झाले. जिल्हा परिषदेत लागले. नगरला आले, केडगावात घर बांधलं, आता पेन्शन खाते. अक्कानं श्रीगोंद्यात संसार केला, दोन मुलं वाढवली, शेजारपाजारची पोरं ओट्यावर बसवून त्यांच्याकडून पाढे घोकून घेतले. सुखी आहे का? आहे. हसतमुख आहे. तिला भेटून कुणी उदास परत गेलं नाही आजवर. असं म्हटलं की माझं ओझं हलकं होईल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. होत नाही.

कारण त्या दुपारी आईला हसवायला तिनं जे म्हटलं ना, ते तिथं संपलं नाही. ते घरात राहिलं. त्याचं आधी हसं झालं. कुणाचं काही हरवलं की, अक्काला विचारू नका, तिला भास होतात. वास्तुशांत कधी झाली, कोण कधी गेलं, कुणाच्या लग्नात कुणी भांडण काढलं — अक्का सांगायला लागली की कुणीतरी म्हणायचं, कागद आहे का? आणि ती सगळ्यांत आधी हसायची. हळूहळू तीच म्हणायला लागली, मला नक्की नाही गं आठवत, तू सांग. ज्या मुलीच्या डोक्यातच तार होती, ती बाजाराला जाताना हातावर लिहून न्यायला लागली. आणि मला विचारायची. सगळं मला विचारायची. तुझी आठवण पक्की, तू सांग.

आई गेली तेव्हा शेवटच्या आजारपणात तिनं अक्काचा हात धरून पुन्हा त्या कार्डाची माफी मागितली. अक्का पुन्हा हसली. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते, आईच्या पायाला तेल चोळत. चोळत राहिले.

आता नंदूचं सांगते, म्हणजे संपेल.

नंदू, तो बंबाच्या पाण्यात हात आपटणारा, आता पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे, डोक्यावर केस उरलेले नाहीत. अण्णांच्या तारा त्यानं नेल्या. घर वाटणीत गेलं तेव्हा बाकी कुणाला नको होत्या. गोठ्यातलीही नेली. रविवार-रविवार बसून त्यानं एकेक कार्ड टाइप केलं आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवलं, एका कार्डाची एक ईमेल. गेल्या महिन्यात त्यानं आम्हा दोघींना घरी बोलावलं, म्हणाला तुम्हाला एक गंमत दाखवतो. त्यानं कॉम्प्युटरवर एक काळा पडदा उघडला. चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसती एक ओळ लुकलुकत होती. म्हणाला, मावशी, इथं बटणं दाबायची नसतात, इथं एका ओळीत हुकूम सोडायचा. आणि त्यानं टाइप केलं, पासष्ट, राहुरी, गिरणी. लगेच ते कार्ड पडद्यावर आलं. मी बघतच राहिले. अण्णा बाजेवरून बोलल्यासारखं वाटलं. अक्कानं तर टाळी वाजवली.

मी विचारलं, आणि नसलं तर? तो म्हणाला, नसलं तर हा काही बोलत नाही. नुसती पुढची रिकामी ओळ येते. म्हणजे समजायचं, नाहीच.

अक्का अलीकडं खरंच विसरते. गॅस चालू राहतो. नातवंडांची नावं उलटीसुलटी होतात. नंदूनं डॉक्टरांकडं नेलं होतं, त्यांनी विचारलं, हे कधीपासून होतंय आजी? तर ही त्यांना म्हणाली, बहात्तर सालापासून. डॉक्टर हसले, नंदू हसला. नंदूनं मला तो किस्सा म्हणून सांगितला.

तर त्या दिवशी ती खुर्ची पुढं ओढून बसली. चष्मा पुसला. आणि नंदूला म्हणाली, "अडुसष्ट. श्रीगोंदं. आडकाठी. टाक बघू." सकाळी नाश्ता काय केला ते तिला आठवत नव्हतं. हे आठवत होतं. त्याच क्रमानं, त्याच शब्दात.

नंदूनं टाकलं. मी चहाचा कप हातात धरून बसले होते. पडद्यावर काही आलं नाही. नुसती पुढची ओळ आली आणि लुकलुकत राहिली. अक्कानं माझ्या मांडीवर थाप मारली आणि हसत म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? माझं डोकं पहिल्यापासून असलंच.

मी पण हसले. चहा प्यायले.

ते कार्ड होतं. गोठ्यातल्या तारेवर, मध्यावर, कोपरा फाडलेलं. खालून तिसऱ्या ओळीत आडकाठी लिहिलेलं होतं. ते आईनं चुलीत घातलं नव्हतं, मी बंबात घातलं. अक्काला सगळं बरोबर आठवत होतं.